रांगेचा लेख कुणाचा

"कॉम्प्युटर म्हणतो, लेख तुमचाच आहे," डॉ. कालिना म्हाताऱ्या सेव्हेरिनना म्हणाली. शेजारी बसलेल्या ओतिलियाबाईंनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

"गाढव आहे तुमचा कॉम्प्युटर," सेव्हेरिन म्हणाले.

पोलंडमधल्या क्राकोच्या विद्यापीठात कालिनाचं कामच ते होतं, लिहिण्याच्या लकबीवरून लेखक ओळखायचा. माणूस मोठे शब्द जपून वापरतो, पण 'पण', 'तर', 'म्हणजे' हे त्याच्या हातून नकळत सांडत जातात. कॉम्प्युटर तेवढेच मोजतो. तिच्याकडे येणारे सगळे 'माझं, माझं' म्हणून भांडत. ऐंशीच्या घरातलं हे जोडपं मात्र तीन आठवडे 'तुझा, तुझा' म्हणून भांडत होतं.

लेख १९८२ चा, लष्करी कायद्याच्या हिवाळ्यातला. चोरून छापलेला, पावाच्या रांगेवरचा, खाली 'चिमणा' हे टोपणनाव. पोलिसांनी विचारलं तेव्हा सेव्हेरिन म्हणाले, मी लिहिला. अकरा महिने आत काढले आणि लेख कायमचा त्यांच्या नावावर चढला. आता त्या काळातल्या चोरट्या लेखांचं पुस्तक निघत होतं, खऱ्या नावांनिशी. शुक्रवारी ते छापायला जायचं होतं.

"तुरुंगात कोण गेलं?" ओतिलियाबाई म्हणाल्या. "तू. मग लेखही तुझा. संपलं."

"तुरुंगात जायला लिहिता यावं लागत नाही, ओतिलिया!"

कालिनाने दोघांना हाताने थांबवलं. "कॉम्प्युटर चुकला नाही. त्याला दिलेले नमुने चुकलेत."

नमुने म्हणजे दोघांनी लग्नाआधी एकमेकांना लिहिलेली पत्रं. कॉम्प्युटरला हस्ताक्षर वाचता येत नव्हतं म्हणून ओतिलियाबाईंनी ती सगळी स्वतः टाइप करून आणली होती. जन्मभर त्यांनी टायपिस्टचीच नोकरी केली होती.

कालिनाने एक कागद पुढे सरकवला. "हे सेव्हेरिन यांचं पत्र म्हणून दिलंय. सगळीकडे 'मी गेलो', 'मी जेवलो', 'मी वाट बघत बसलो'. फक्त इथे बघा. 'दिवसभर टाइप करून करून मी थकले.'"

"टायपिंगची चूक," ओतिलियाबाई पटकन म्हणाल्या.

"चाळीस वर्षांच्या नोकरीत तुझी एक चूक दाखव," सेव्हेरिन म्हणाले.

ओतिलियाबाई कानापर्यंत लाल झाल्या. आपली पत्रं नवऱ्याची म्हणून आणि नवऱ्याची आपली म्हणून त्यांनी दिली होती. बायकोचं प्रत्येक क्रियापद नवऱ्याचं करत आणि नवऱ्याचं बायकोचं करत पंधरा दिवस बसल्या होत्या बिचाऱ्या. त्यात एक निसटलं.

"म्हणजे माझी प्रेमपत्रं तू स्वतःची म्हणून खपवलीस?"

"खपवली. शुद्धलेखनही सुधारलं."

सेव्हेरिन हसायला लागले. हसता हसता त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "दरवर्षी शाळेतली मुलं येतात, त्या लेखावर माझी सही मागतात. मी करतो. कसली लाज वाटते गं! अशी एक ओळ मला जन्मात जमली नाही. मरायच्या आधी तुझं नाव तिथे बघू दे."

"आणि तुझे अकरा महिने?"

"ते माझेच. ते कोण मागतंय?"

ओतिलियाबाईंनी होकाराची मान हलवली. कालिनाने 'चिमणा'च्या पुढे त्यांचं नाव लिहिलं आणि लेखाचं प्रूफ तपासायला दोघांच्या मधे ठेवलं. जुन्या मजकुरात एक स्वल्पविरामही बदलायचा नाही, असा पुस्तकाचा नियम होता.

सेव्हेरिननी पेन्सिल उचलली. 'पहाटे पाचला मी रांगेत उभा होतो' या पहिल्याच ओळीतलं 'उभा होतो' त्यांनी खोडलं आणि वर लिहिलं, 'उभी होते'.

"अहो, तसं नाही करता येत..." कालिनाने तोंड उघडलं, आणि मग चहाचं पाणी ठेवायला उठली.

सेव्हेरिन ओळीमागून ओळ खाली उतरत राहिले. 'आलो' खोडून 'आले'. 'कुडकुडलो' खोडून 'कुडकुडले'. ओतिलियाबाई पेन्सिलीकडे बघत होत्या. शेवटच्या ओळीशी ती थांबली. 'पाव संपला, तरी आम्ही उभेच होतो.'

"इथे 'उभ्याच' करू?"

ओतिलियाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"नको. त्या ओळीत तू आहेस."