साडूची सूट

दुकानाची तपासणी आटोपून कंपनीच्या प्रणाली मॅडम खुर्चीत टेकल्या, तसा किशोरने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यावर त्याचा साडू अनुप चिखलदऱ्याच्या कठड्याला रेलून हसत होता. फोटो काल दुपारचा होता.

“अकोल्याचं दुकान याचंच ना मॅडम? मंग हा दुपारी तिथं काय करून राहिला?”

दोघा साडूंनी एकाच कंपनीचं चहाचं दुकान घेतलं होतं. किशोरने अमरावतीत, अनुपने अकोल्यात. कप एक, भिंतीचा नारिंगी रंग एक आणि करारही एकच. दुकान उघडं असेपर्यंत मालकाने स्वतः गल्ल्यावर बसायचं, हे कलम दोघांनाही लागू होतं.

मॅडमनी सांगितलं, अनुपरावांची बायपास झाली. त्यांनी अर्ज केला, तेव्हा कंपनीने तेवढ्या एका कलमातून सहा महिन्यांची लेखी सूट दिली. बाकी करार आहे तसाच.

बायपासचं किशोरला ठाऊक होतं. दवाखान्यात सफरचंदं घेऊन तोच गेला होता. साडूच्या खाटेभोवती सगळी सासुरवाडी गोळा झालेली पाहून त्याला जे वाटलं, त्याला त्याने तेव्हा काळजी असं नाव दिलं होतं. तिथवर ठीक होतं. पण लेखी सूट? तीही शिक्क्यासकट? वर चिखलदरा अमरावती जिल्ह्यात, अन् थंड हवा खाणार अकोल्याचा माणूस.

“करार एक, तं सूटबी एकच पायजे,” तो म्हणाला. “मलेही द्या.”

सूट हा हक्क नसतो, मॅडम म्हणाल्या. ज्याला दिली त्याची, दिली तेवढीच, अन् मुदत संपली की संपली. एकाला दिली म्हणून दुसऱ्यालाही द्यावी, असं कंपनीवर बंधन नाही.

किशोर बी.कॉम. होता. त्याने मुद्दा काढला. दोन वर्षं झाली, तो रोज दुपारी घरी जाऊन झोपतो, गल्ल्यावर प्राजक्ता असते. कंपनीने कधी हटकलं का? नाही. म्हणजे सूट दिल्यातच जमा. उलट अनुपच्या आधी त्यालाच मिळाली म्हणायची. एवढं बोलून त्याने जिंकल्यासारखं बायकोकडे पाहिलं. प्राजक्ताने कपाळाला हात लावला.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

“आम्ही बोललो नाही, म्हणजे आम्ही सोडून दिलं असं होत नाही. तेही करारात आहे. आणि दुपारचं मला माहीत नव्हतं.”

त्या लिहू लागल्या. आजपासून रोज दुपारी गल्ल्यावरून फोटो पाठवायचा. पुन्हा गैरहजर सापडलात तर दुकान दुसऱ्याला.

किशोरचा आवाज खाली आला. अलीकडे जिना चढताना आपल्याला धाप लागते, असं तो म्हणाला. छातीत काहीतरी होतंही. पेन थांबलं. डॉक्टरांचा काही कागद आहे का, असं मॅडमनी बऱ्याच आस्थेने विचारलं.

“यायले काय होते?” प्राजक्ता गल्ल्यावरून म्हणाली. “जिजाजीचं पाहून मागच्याच महिन्यात सारं तपासून आले. डॉक्टर म्हणे, हृदय कॉलेजच्या पोराचं हाय.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चार माणसांत तिने त्याची अशी बेअब्रू कधी केली नव्हती.

मॅडम गेल्या. दुपार झाली, रस्ता उन्हाने ओस पडला. किशोरने गल्ल्यावर बसून कंपनीला आपला फोटो पाठवला. मग कोणी बघत नाही असं पाहून त्याने मनगटावर दोन बोटं ठेवली, आणि एखादा तरी ठोका चुकेल म्हणून बराच वेळ वाट पाहिली.

नाडी कराराप्रमाणे चालू होती.