सुई आणि दोरा

डोंगर खचून गाव गाडलं गेलं, त्याला नऊ दिवस झाले होते. शाळेतल्या छावणीत रेश्मा एकेकाच्या तळहातावर यंत्र टेकवत होती. कुणाला काय हवंय ते विचारावं लागत नसे. यंत्र अंगातूनच वाचायचं आणि पडद्यावर लिहायचं. कुणाला इन्सुलिन, कुणाला झोप, कुणाला दूध.

हैबतीअण्णांची बायको ढिगाऱ्याखाली गेली होती. गेले चार दिवस त्यांनी ताटाला हात लावला नव्हता. रेश्माने यंत्र टेकवलं. अक्षरं उमटली: सुई आणि दोरा.

तिने पडदा पुसून पुन्हा टेकवलं. पुन्हा तेच.

"अण्णा, शिवता का तुम्ही?"

"छ्या. ती शिवायची, गोधड्या. डोळ्यांनी बारीक दिसायचं न्हाई. मी आपला रोज दोरा ओवून द्यायचो."

 रेश्मा उठून पलीकडच्या वर्गात गेली आणि छबूमावशींना घेऊन आली. मावशी फाटक्या साड्यांची गोधडी शिवायला बसल्या होत्या, पण सकाळपासून त्यांना सुई ओवता येत नव्हती.

अण्णांनी दोऱ्याचं टोक ओलं केलं, सुई उजेडाकडे धरली. पहिल्याच खेपेला दोरा पार गेला.

"एवढा लांब घेतलात?" मावशी म्हणाल्या. "गुंता होईल की."



"ती बी हेच म्हणायची," अण्णा म्हणाले. त्यांनी दोरा निम्म्यावर तोडला, सुई मावशींच्या हातात दिली आणि सकाळचं ताट पुढे ओढलं.