शुक्रवारची नथ

"पोलीस नंतर. आधी देवी!" मधुसूदनकाकांनी जाहीर केलं आणि मंडळाची सगळी माणसं एकदम बोलू लागली.

प्रताप नगरातल्या त्या लहानशा देवळात भर दुपारी एवढा गलका कधी होत नसे. देवीची सोन्याची नथ गेली होती. अदितीची आई विधवा झाल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, दर शुक्रवारी देवीचा शृंगार करायची. नथ दोऱ्याने बांधायची. आईला जाऊन वीस दिवस झाले होते. त्यानंतरचे शुक्रवार शृंगाराविना गेले; आज पहिल्यांदा डबी उघडली, तर रिकामी. डबीला कुलूप नव्हतं. देवापाशी कुलूप कशाला, असं आई म्हणायची.

"गाभारा रोज जिजाबाई झाडते," कुसुमताई म्हणाल्या. "दुसरं कोण घेईन?"

"जिजाबाईने घेतली नाही," अदिती म्हणाली.

"तुले काय माहीत वं?"

"माहीत आहे."

"आईवर गेली पोरगी. चोराचीही बाजू घेते."

काकांनी गाभाऱ्यातला दिवा शांत केला. "एकेकाने आत जायचं, दार लावायचं, देवीच्या पायांवर दोन्ही हात ठेवायचे. मनात पाप असेल त्याचे हात झडतील. बाहेर येताना मुठी मिटलेल्या."

"कुसुमताई, तुम्ही आधी," शोभाताई म्हणाल्या. "तुमच्याइतकं सोवळं कोणाचं?"

"काहून? वयानं तू मोठी."

शेवटी रांग लागली. लोक आत जात, लगेच बाहेर येत. अदितीला मात्र बराच वेळ लागला. सगळ्यांत शेवटी जिजाबाई गेली.

काकांनी दिवा पुन्हा लावला. "देवीच्या पायांना मी काजळ फासलं होतं! पापी हात लावणारच नाही. जिजाबाई, मुठी उघड."

तिचे तळवे स्वच्छ होते.

"धरा तिले!" एकच गिल्ला झाला.

"मी भेली जी!" जिजाबाई रडू लागली. "प्रसादाचा पेढा नातीले नेला होता मी. नथ नाही घेतली!"

"बाकीच्यांचेही पाहा," अदिती म्हणाली.

"आमचे कशाले?" शोभाताईंनी हात पदराखाली घेतले. कोणीतरी ते ओढून बाहेर काढले. स्वच्छ. मग कुसुमताईंचे. स्वच्छ. एकेक मूठ उघडत गेली, तीही स्वच्छ. काकांनी मान खाली घातली. जिजाबाईला चोर म्हणायला आता कोणाचीच जीभ रेटेना.

शेवटी अदितीने मुठी उघडल्या. दोन्ही तळवे काळेकुट्ट.

कुसुमताईंनी तिला पोटाशी धरलं. "एकटी तूच निष्पाप वं बाई! आईची लेक शोभतेस."

अदितीने काजळ पुसलं नाही. मोक्षधाम घाटावर, आईचा चेहरा शेवटचा झाकण्याआधी, तिच्या उघड्या नाकावर ती नथ दोऱ्याने बांधतानाही हे हात असेच स्थिर होते.