मिश्र अर्थव्यवस्थेतली दाढ

“जगातल्या प्रत्येक देशापुढं शेवटी एकच प्रश्न असतो,” अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, “सरकारनं काय करायचं आणि बाजारावर काय सोडायचं.”

एवढे बोलून होईपर्यंत लाळ त्यांच्या हनुवटीपर्यंत आली होती. त्यांना पत्ता नव्हता. डावा गाल बधिर होता. बायकोने उठून ती पुसली आणि पुन्हा दाराला स्टूल लावून बसली. याआधी दोनदा प्राध्यापक या खुर्चीतून उठून, दाढेसकट घरी आले होते.

इंजेक्शन देऊन झाले होते. दाढ पुरती बधिर व्हायला दहा मिनिटे होती, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी सहज विचारले, म्हणजे नेमके काय सोडायचे?

प्राध्यापक ताठ बसले. एका देशात दवाखाना सरकारचा, डॉक्टरही सरकारचा. दुसऱ्यात डॉक्टर खासगी, पण बिल सरकार भरते. तिसऱ्यात ज्याचे त्याने बघावे. प्राध्यापकांचा जीव तिसऱ्यावर. डॉक्टर सकाळी सरकारी इस्पितळात फुकट दात काढत आणि संध्याकाळी इथे फी घेऊन, त्यामुळे त्यांना दोन्हीकडून भांडता येत होते, आणि ते भांडले. प्राध्यापकांनी ट्रेमध्ये जगाचा नकाशाच मांडला. चिमटे म्हणजे सरकार, कापूस म्हणजे बाजार. डॉक्टरांनी एका देशातला कापूस उचलून दुसऱ्यात कोंबला. प्राध्यापकांनी तो परत काढला.

आवाज ऐकून बाहेरचे पेशंट आत डोकावू लागले. बायकोने स्टूल तसूभर सरकवले, तेही फक्त आत येणाऱ्यांसाठी. सुजलेला गाल हातात धरून एक ट्रकवाला म्हणाला, रस्ता सरकारचा, टायर माझा. मग खड्डा कुणाचा?

प्राध्यापकांचे डोळे चकाकले. “चाळीस वर्षांत वर्गात असा प्रश्न कुणी विचारला नाही.”

“वर्गाला दोन दारं होती,” बायको म्हणाली.

पण प्राध्यापक आता कुणाला ऐकत नव्हते. अर्धवट उभे राहून, गळ्यातल्या कागदी रुमालासह, त्यांनी निकाल दिला. “माणसाला मोकळं सोडा. तो आपला आपण समर्थ असतो. त्याला कुणाच्या आधाराची गरज नसते.”

ट्रकवाल्याने गाल सोडून टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनाही स्फुरण चढले. त्यांनी दुसरा ट्रे घेतला, पहिल्यात जग पसरले होते, आणि त्याच जोशात पक्कड दाढेला लावली.

प्राध्यापक वीतभर उडाले.

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले. दीड तास झाला होता. बधिरपणा कधीच उतरला होता. प्राध्यापकांची लाळ गळायची थांबली, शब्द स्वच्छ येऊ लागले, तेव्हाच हे कळायला हवे होते. पण तेव्हा दोघे करांवर बोलत होते.

पुन्हा टोचावे लागणार होते. डॉक्टरांनी सिरिंज भरली, उजेडात धरली, सुईच्या टोकावर एक थेंब आणला. ट्रकवाला आपल्या जागेवर जाऊन बसला. दारात डोकावणारी डोकी मागे सरली.

प्राध्यापक हळूहळू खुर्चीत मागे टेकले. सुईकडे बघायचे टाळत त्यांनी दाराकडे मान वळवली.

“अगं,” ते म्हणाले, “स्टूल जरा इकडं घे. हात धर.”