सात जणांचा विमा

"नऊ नंबरचा प्रश्न पुन्हा वाचू का?" विमा कंपनीच्या तपासनिसाने विचारलं.

"नको," सचिवबाई म्हणाल्या. तो प्रश्न त्यांना आता तोंडपाठ झाला होता. 'पुढे ज्यातून संस्थेवर किंवा पदाधिकाऱ्यांवर दावा होऊ शकेल, अशी एखादी घटना आपल्या माहितीत आहे का?' आणि विम्याच्या फॉर्मवर त्यापुढे त्यांच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: 'नाही'.

मुलींच्या वसतिगृहाचं ते ऑफिस. टेबलाच्या एका बाजूला तपासनीस, दुसऱ्या बाजूला बाई, आणि दाराजवळ वसतिगृह सांभाळणाऱ्या मावशी. खुर्ची रिकामी असून मावशी स्टुलावरच टेकल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराला महिनाभर सील होतं. तिथल्या गॅसच्या गिझरने एकोणीस वर्षांची एक मुलगी आंघोळ करता करता गेली होती. थंडी म्हणून खिडकी बंद, जळलेल्या गॅसला बाहेर पडायला वाट नाही, आणि त्या विषाला वासही नसतो.

मुलीच्या वडिलांनी संस्थेच्या कार्यकारिणीतल्या सातही जणांवर दावा ठोकला होता. सातही जण मानद, म्हणजे मीटिंगचा चहासुद्धा पदरमोड करून पिणारे. अशांवर घरादारावर पाणी सोडायची वेळ येऊ नये, म्हणून तर पदाधिकाऱ्यांचा हा विमा उतरवला होता. पॉलिसीच्या शेवटच्या पानावर सात नावं होती. बाईंचं दुसरं.

कंपनीला एवढंच ठरवायचं होतं, की अपघाताआधी फॉर्म भरला त्या दिवशी बाईंना काही माहीत होतं का. माहीत असून 'नाही' लिहिलं असेल, तर कंपनी हात वर करणार. मग वकील ज्याचा त्याने बघायचा, भरपाई ज्याची त्याने भरायची. बाईंकडे भरण्यासारखं एकच होतं, राहतं घर. त्यात मुलगा, सून आणि नात राहत होती.

आणि बाईंना माहीत होतं. फॉर्म भरायच्या आठच दिवस आधी मावशी त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "बाई, काल एक मुलगी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. दुसरी म्हणते, आंघोळ झाली की डोकं जड होतं. मला काही त्या गिझरचं खरं दिसत नाही." बाई नातीची वेणी घालत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "उपाशीपोटी जातात हो आंघोळीला. आधी काहीतरी खायला घाला त्यांना."

तपासनीस मावशींकडे वळला. माणूस वाईट नव्हता, फक्त कामाला पक्का होता.

"मावशी, याआधी कुणा मुलीला त्रास झाला होता?"

"झाला होता. एक जण पडली होती."

बाईंनी पाण्याचा पेला जवळ ओढला.

"मग ते तुम्ही बाईंना सांगितलंत?"

मावशींनी बाईंकडे पाहिलं. आत्ताच बोलून टाकावं, बाईंना वाटलं. सांगितलं होतं यांनी, मीच कानाआड केलं. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"नाही," मावशी म्हणाल्या.

"दुसऱ्या कुणाला?"

"कुणालाच नाही. राहून गेलं."

"नीट विचार करा, मावशी. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही वर कळवलं नाही, असा त्याचा अर्थ होतो. असंच लिहू?"

"लिहा की."

त्याने लिहिलं, वाचून दाखवलं. मावशींनी खाली एकेक अक्षर जुळवत सही केली. बाईंना हायसं वाटलं. लाज मागाहून आली, पण आधी हायसंच वाटलं, आणि हे त्यांना स्वतःपासून कधीच लपवता येणार नव्हतं.

तपासनिसाला सोडायला त्या फाटकापर्यंत गेल्या.

"तुमचं काम झालं, बाई," तो म्हणाला. "पॉलिसी कायम राहील. वकील कंपनी देईल." मग तो जरा घुटमळला. "या मावशींना मात्र कुणीतरी वकील बघून द्या. हा जबाब पोलीसही मागतील. पॉलिसीत कर्मचारी येत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

त्या परत आल्या तेव्हा मावशी पाण्याचे पेले गोळा करत होत्या.

"बरोबर बोलले ना मी, बाई?"

"मावशी, तुम्ही असं का सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"आता घ्या! सकाळी तुम्हीच नाही का म्हणालात, विमा राहिला तर आपण सगळे वाचू, नाहीतर सगळेच बुडू? म्हटलं, माझ्या एका शब्दाने सगळ्यांचं भागत असेल, तर माझं काय जातंय?"

समोरच्याला धरून बोलायचं तर 'आपण', वगळून बोलायचं तर 'आम्ही'. पॉलिसीतली सात नावं म्हणजे 'आम्ही'. हे बाईंना सकाळीही कळत होतं.

मावशी पेले हातात घेऊन दारात थांबल्या. "वाचलो ना मग आपण?"

"हो," बाई म्हणाल्या. "वाचलो आपण."