ब्रश धुण्याची पहिली पायरी

ड्रम रिकामा होता. नुसता रिकामा नाही, घासूनपुसून लख्ख केलेला, आणि त्याच्या झाकणावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी.

रंगकाम शिकवणाऱ्या बाई वर्कशॉपच्या दारातच थबकल्या. वर्गाने टबात ब्रश-रोलर धुतलेलं पाणी त्या ड्रममध्ये बारा दिवस निवळत पडलं होतं. रंग तळाशी बसला की वरचं पाणी पुन्हा धुण्याला घ्यायचं, खालचा गाळ वाळवून घातक कचऱ्याच्या गाडीत द्यायचा, हा बाईंचा शिरस्ता. आज वरचं पाणी काढायचा दिवस होता.

"कुणी ओतलं?"

शिपाई फडक्याला हात पुसत म्हणाला, "प्राचार्य सरांनी सांगितलं, बाई. तपासणीला पाहुणे येतायत, घाण दिसायला नको म्हणाले. टब, ड्रम, कोपऱ्यातली रद्दी, सगळं काढायला लावलं."

"ओतलं कुठे, ते सांगा."

त्याने नुसतं बेसिनकडे बोट केलं. बेसिनच्या जाळीभोवती निळा साका धरला होता.

बाई तडक मागच्या दाराशी गेल्या. बेसिनची मोरी शाळेमागच्या ओढ्यात उतरत होती, आणि ओढ्याच्या काठाला माळीकाकांचे कोबीचे चार वाफे होते. काका झारी हातात धरून उभे होते. ओढा निळा वाहत होता. दोन वाफ्यांना पाणी देऊन झालं होतं. कोबीच्या पानांवर निळे ओघळ होते.

"भरून घेताना नुसतं गढूळ दिसलं, रंग लक्षातच आला नाही," काका म्हणाले. मग बाईंकडे न बघताच म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होतात, आमच्या वर्गातून थेंब यायचा नाही. त्या भरवशावर पाणी घेत होतो."

बाई तशाच आत वळल्या.

प्राचार्य वर्कशॉपात टेबलावरचा कागद सरळ करत होते. बाईंचा चेहरा बघून त्यांनी आधीच हात वर केला. "अहो, पाण्यातला रंग तो! तेलाचा असता तर गोष्ट वेगळी. पाण्यात पाणी गेलं, त्यात एवढं काय बिघडलं?"

"पाण्यातला रंग म्हणजे पाणी नव्हे, सर. वाळला की प्लास्टिक होतो. पहिल्या दिवशी शिकवते मी हे."

"मग पोरांना शिकवा. मला नको." त्यांनी आवाज खाली आणला. "पाहुण्यांना ब्रश कसा धुतात एवढं दाखवायचं, बाकी तोंडाला कुलूप. पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं ती यादी माझ्याच टेबलावर आहे, विसरू नका."

बाईंची नजर टेबलावर पाहुण्यांसाठी ठेवलेल्या अहवालावर गेली होती. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: आमच्या शाळेत रंगाचा एक थेंबही गटारात जात नाही. आणि खाली बाईंचं नाव. त्यांना न विचारता, पदवीसकट.

तीन पाहुणे आले. त्यांच्या प्रमुख एक वयस्क बाई होत्या, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. वर्ग भिंतीला टेकून रांगेत उभा राहिला. प्राचार्यांनी हसतमुखाने बाईंच्या हातात एक कोरा ब्रश दिला, अजून किमतीची चिठ्ठीही न काढलेला.

बाईंनी तो बाजूला ठेवला. कपाटातून आपला जुना रुंद ब्रश काढला, निळ्या रंगाचा डबा उघडला आणि ब्रश गळ्यापर्यंत बुडवला.

"कामावरून उतरल्यावर ब्रश असा असतो," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. मग वर्गाकडे वळल्या. "पहिली पायरी?"

"रद्दी!" वर्ग एका सुरात ओरडला. रोजची सवय होती.

"का?"

"जेवढा रंग कागदावर जाईल, तेवढा पाण्यात कमी जाईल!"

"बरोबर." बाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे रद्दीची चळत नव्हती, झाडून स्वच्छ फरशी होती. ब्रशवरून रंग ओघळून त्यांच्या मनगटापर्यंत आला. रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं.

बाईंनी टेबलावरचा अहवाल ओढून घेतला, पहिलं पान उघडलं आणि ब्रश त्यावर वरून खाली दाबून ओढला. ठळक अक्षरं गेली. दुसऱ्या ओढीत त्यांचं स्वतःचं नाव गेलं. त्यांनी पान उलटलं. ब्रशची दुसरी बाजू. पुन्हा पान.

"बाई! अहो, अहवाल आहे तो!"

"माहीत आहे, सर. वाचूनच घेतला."

त्या थांबल्या नाहीत. घाईसुद्धा केली नाही. शिकवताना करत तसंच, एकेक पान, एकेक बाजू. फोटो निळे झाले, आकडे निळे झाले, शेवटच्या पानावर ब्रश जवळजवळ कोरडा उमटला. वर्गात कुणी हसत नव्हतं.

प्रमुख बाईंनी चष्मा डोळ्यांना लावला. "आणि दुसरी पायरी?"

"टबातलं पाणी," वर्ग म्हणाला. या वेळी आवाज हळू होता.

"ते सकाळीच ओढ्यात गेलंय," बाई म्हणाल्या. "ड्रममधलंही. माळीकाकांच्या कोबीवर थोडं आहे. मागच्या दाराने या, दाखवते."

प्राचार्य मध्ये काहीतरी बोलू लागले, पण प्रमुख बाई त्यांना वळसा घालून मागच्या दाराकडे निघाल्या होत्या. दाराशी माळीकाका उभे होते. झारी त्यांनी अजून खाली ठेवली नव्हती.

बाईंनी ब्रश प्राचार्यांच्या हातात दिला.

"हा धरा जरा. आणि बेसिनमध्ये धुऊ नका."