घरगुती मीटर

"कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला एक माणूस विचारत होता," शेजारची अलका भिंतीपलीकडनं म्हणाली. "तुमच्या वरच्या मजल्यावर रात्रभर दिवा का जळतो म्हणून. आता इकडंच येतोय बघा."

त्रिवेणीबाईंनी हातातलं ओलं पातळ तसंच दोरीवर टाकलं. आलाच शेवटी वीज खात्याचा माणूस.

विजेचे दर बदलल्यापासनं त्यांना याचीच धास्ती होती. वरचा भाडेकरू हेमंत, त्यानंच पायरीवर बसून सगळं समजावलं होतं. "सोपं आहे, काकू. घराच्या मीटरला पहिले थोडे युनिट स्वस्त. जास्त जाळलं की पुढच्या टप्प्याला दर चढा. दुकानाचा दर मात्र पहिल्या युनिटपासनंच वेगळा."

"हौ, ते माहीत आहे," त्रिवेणीबाईंचे यजमान उमाजी म्हणाले होते. हैदराबादच्या बेगम बाजारात त्यांचं मसाल्याचं दुकान. तिथलं बिल बघून त्यांचं तोंड आधीच कडू झालेलं. "मला हे सांग, तुझं वरचं ते घर की दुकान?"

हेमंत पायरीवरनं उठून वर निघून गेला होता.

पुण्याहून आलेला पोरगा. नोकरी सोडून वर तीन कंप्युटर मांडले होते त्यानं. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या टेपा ऐकायच्या आणि टाइप करून पाठवायच्या. तिकडं दिवस तेव्हा इकडं रात्र, म्हणून दोन मित्र यायचे आणि तिघं पहाटेपर्यंत टकटक करत बसायचे. काम चांगलं चाललं होतं. पण मीटर सगळ्या घराला एकच, तेही घरगुती, उमाजींच्या नावावर.

"पकडलं तर अख्ख्या घराला दुकानाचा दर, वरनं दंड," उमाजींनी बायकोला बजावलं होतं. "ज्या दिवशी कुणी चौकशीला आलं ना, त्याच दिवशी त्याचं बिऱ्हाड हलवायचं. मग रडायचं नाही."

रडणार त्याच होत्या. घरात मूलबाळ नाही. हा एक काकू काकू करत यायचा, अंबाडीची भाजी मागून खायचा, लग्न झालं तरी मला इथंच राहू द्या म्हणायचा.

फाटक वाजलं.

माणूस उंच, पन्नाशीचा, शर्ट कडक इस्त्रीचा. आधी मान वर करून त्यानं वरच्या खिडक्या बघितल्या. मग चपला काढता काढता भिंतीवरच्या मीटरकडं नजर टाकली. त्रिवेणीबाईंनी दोन्ही टिपलं.

"नमस्कार. वर हेमंत राहतात ना?"

मराठीत! त्या आणखीच सावध झाल्या. आजवर मीटर बघायला यायचे ते तेलुगूत बोलायचे. या वेळी गोड बोलून काढून घ्यायला मुद्दाम मराठी माणूस धाडला होता.

"राहतो. पण कोटीच्या बाजारात गेलाय. आपण कुठनं?"

"इकडं काम होतं जरा. म्हटलं डोकावून जावं."

नाव नाही, गाव नाही. त्यांनी चहा आणून ठेवला. तो चटकन म्हणाला, "नको हो. या घरचं पाणीसुद्धा नको मला, राग मानू नका."

त्यांनी कप मागं ओढला. लाच खाणारा असता तर परवडला असता.

"वर सामान काय काय आहे त्यांचं?"

"सामान? एक बल्ब, एक पंखा. तोही फिरत नाही."

"फ्रिज? टीव्ही?"

"कुठलं ओ!"

"कंप्युटर आहेत असं ऐकलं होतं."

"एक होता. कुणाचा तरी मागून आणलेला. त्यांनी ओढून नेला परत."

तो खुर्चीत जरा पुढं सरकला. "मग कामधंदा काय करतात?"

"काम? बिल्कुल नाही," त्रिवेणीबाई ठासून म्हणाल्या. "काहीच करत नाही तो. वर धंदा म्हणून काही नाही, लिहून घ्या."

"पण रात्रभर दिवा असतो म्हणतात. दोन मुलंही येतात."

त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "पत्ते खेळतात," त्या म्हणाल्या.

"रोज?"

"रोज असं नाही. एखाद दिवस सुटतो."

तेवढ्यात करंट गेला. पंखा मंदावला आणि वरनं टीं टीं आवाज सुरू झाला. कंप्युटरच्या बॅटरीचा. त्रिवेणीबाई जोरात खोकल्या.

"काय वाजतंय ते?"

"घड्याळ ओ त्याचं, गजराचं. रोज याच वेळेला उठतो ना."

माणसानं मनगटावर बघितलं. दुपारचे तीन वाजून गेले होते. मग हळूच म्हणाला, "भाडं तरी वेळेवर देतात?"

भाडं म्हटलं की भाडेकरू आला, भाडेकरू आला की वेगळं मीटर का नाही हा सवाल आला. त्रिवेणीबाई फसणाऱ्या नव्हत्या. "भाडं कुठलं? दया येते म्हणून राहू दिलंय."

तो उठला. हात जोडले. "स्पष्ट बोललात, बाई. फार उपकार झाले."

चपला घालताना त्यानं मीटरकडं पुन्हा ढुंकूनही बघितलं नाही. फाटक लावून खाली मान घालून गेला. अलकानं भिंतीवरनं भुवया उडवल्या. त्रिवेणीबाईंनी हातानंच सांगितलं, पळवला!

पोराचं बिऱ्हाड वाचलं. उमाजींना आत्ताच सांगावं म्हणून त्या फोनकडं गेल्या, तोच तो वाजला. पुण्याहून हेमंतची आई.

"त्रिवेणीताई, शैला बोलतेय. केतकीकडच्यांना आपला हेमंत पसंत आहे बरं का! तिचे मामा तेवढे हैदराबादला आलेत, न सांगता बघून जाणार असं आत्ताच कळलं. जुन्या वळणाचे आहेत, भाचीला द्यायच्या घरचं पाणीही घेत नाहीत, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. आणि हेमंतचं काय आहे ते सगळं सांगा हं त्यांना, काही म्हणजे काही लपवू नका."